पाच गुणांचा हिशोब

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आजवर दोनच भारतीय ड्रायव्हर उतरले आहेत. नारायण कार्तिकेयन ४६ शर्यतींत धावला, करुण चंढोक ११. एकूण ५७. या ५७ शर्यतींतून दोघांनी मिळून कमावलेले गुण ५. ते पाचही नारायणचे, आणि पाचही एकाच दिवशीचे: १९ जून २००५, इंडियानापोलिस. त्या दिवशी ट्रॅकवर प्रत्यक्ष धावल्या सहाच गाड्या. नारायण चौथा आला.

‘सहांत चौथा’ हा शेरा मी गेल्या वीस वर्षांत चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकला आहे. म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला धावफलक वाचायची सवय असते. सरासरी पाहिली की खेळाडू कळला, असं आपल्याला वाटतं. पण सचिनच्या धावा बॅटच्या किमतीवर ठरत नव्हत्या. मोटर शर्यतीत गाडी कोणती मिळाली, कोणाच्या पैशानं मिळाली, कितव्या वर्षी मिळाली आणि किती दिवस हातात राहिली, यावर अर्धाअधिक निकाल हिरवा झेंडा पडण्याआधीच लागलेला असतो. त्यामुळे नारायणची कारकीर्द वाचायची तर गुणतक्त्याशेजारी जमाखर्चाची वही उघडून ठेवावी लागते. या लेखात मी तेच करून पाहणार आहे.

(नावाबद्दल थोडं. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला कधी ‘नरेन’ लिहिलं, कधी ‘नारायण’. मी ‘नारायण’ लिहितो, कारण मूळ नाव तेच.)

गिरण्यांचं गाव

नारायणचा जन्म १४ जानेवारी १९७७चा, गाव कोइंबतूर. हे गाव समजून घेतलं नाही तर पुढचं काही नीट लागत नाही. सूतगिरण्या, पाण्याचे पंप, इलेक्ट्रिक मोटर, ओतशाळा, यंत्रांचे सुटे भाग यांचं हे गाव. आपल्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात जसं कुठल्याही बंद पडलेल्या यंत्राला हात लावायला माणूस घाबरत नाही, तसंच तिथलं वातावरण. अशा गावात पैसा असलेल्या घरांतली मुलं गाड्या उघडून बसणार आणि पळवणार, हे ओघानं आलंच. नारायणचे वडील जी. आर. कार्तिकेयन रॅलीचे राष्ट्रीय विजेते. ‘साउथ इंडिया रॅली’ त्यांनी सात वेळा जिंकली होती. म्हणजे मुलाच्या कानावर घरातच इंजिनाचा आवाज पडत होता.

याच गावात एस. करिवर्धन नावाचा माणूस होता. गिरणीमालकाच्या घरातला, आणि गाड्या बनवण्याच्या वेडानं झपाटलेला. परदेशी रेसिंग कार आयात करणं त्या काळी जवळजवळ अशक्य. करिवर्धननं मग मारुती ८००चं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि त्याभोवती एका सीटची, उघड्या चाकांची, परवडणारी रेसिंग कार उभी केली. १९८८च्या सुमारास सुरू झालेली ही ‘फॉर्म्युला मारुती’. भारतातल्या एका अख्ख्या पिढीनं शर्यतीची गाडी म्हणून पहिल्यांदा जी चालवली, ती हीच.

तोवर आपल्याकडच्या शर्यती व्हायच्या त्या मुख्यतः विमानांच्या जुन्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळचं शोलावरम ही दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. तिथे वर्षातून एकदा जत्रेसारखी गर्दी जमायची आणि संस्थानिक, उद्योगपतींची मुलं, गॅरेजवाले असे सगळे एकाच रांगेत उभे राहायचे. मद्रासच्या क्लबनं श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला खरा ट्रॅक बांधला, तो १९९० साली सुरू झाला. म्हणजे नारायण तेरा वर्षांचा होईपर्यंत तिथे शर्यतीसाठी म्हणून बांधलेला ट्रॅकच नव्हता. त्याच वयाची इंग्लंडमधली मुलं तोवर पाच-सहा वर्षं कार्टिंग करून बसलेली असायची. जेन्सन बटन आठव्या वर्षी कार्टमध्ये बसला होता.

नारायण फॉर्म्युला मारुतीच्या पहिल्याच शर्यतीत पहिल्या तिघांत आला. १९९२मध्ये वडिलांनी त्याला फ्रान्समधल्या एल्फ-विनफील्ड शाळेत धाडलं. तिथल्या स्पर्धेत तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. १९९३ला इंग्लंडमध्ये फॉर्म्युला वॉक्सॉल ज्युनिअर, १९९४ला फॉर्म्युला फोर्ड. त्या वर्षीची ब्रिटिश फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका त्यानं जिंकली. युरोपात कुठलंही अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला भारतीय. पुढे फॉर्म्युला एशिया, आणि १९९६ला तिथलंही अजिंक्यपद. करिवर्धननं मात्र हे शेवटचं पाहिलं नाही. १९९५मध्ये विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. कोइंबतूरचा ‘करि मोटर स्पीडवे’ आज त्याच्या नावानं उभा आहे.

एकाच महिन्यात जन्मलेले दोघे

आता जमाखर्चाचं पहिलं पान. १९९८मध्ये नारायण ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये आला. फॉर्म्युला वनच्या खालची ही सर्वांत कडक परीक्षा मानली जायची. सेना, हक्किनेन, बॅरिकेलो इथलेच पदवीधर. पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला दहाच शर्यती आल्या. तरी मोसमाच्या शेवटी स्पा-फ्रँकोरशाँ आणि सिल्व्हरस्टोन अशा दोन ट्रॅकवर तो तिसरा आला. १९९९मध्ये ब्रँड्स हॅचला दोन विजय, एकूण पाच वेळा पहिल्या तिघांत, मोसमात सहावा. त्या मोसमातला विजेता मार्क हाइन्स, दुसरा लुचियानो बुर्टी, तिसरा जेन्सन बटन.

२०००मध्ये नारायण चौथा आला. पुढचे तिघे असे: अंतोनियो पिझोनिया, टोमास शेक्टर आणि ताकुमा सातो. त्याच वर्षी त्यानं स्पाची आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्री शर्यत जिंकली, कोरियातली ‘सुपर प्री’ जिंकली, आणि मकावला पोल पोझिशन मिळवली. मकावबद्दल थोडं सांगायला हवं. समुद्राकाठचे आणि डोंगरउताराचे गल्लीबोळ बंद करून केलेला सहा किलोमीटरहून मोठा ट्रॅक, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, चूक करायला हातभरही जागा नाही. १९८३मध्ये इथे सेना जिंकला, १९९०मध्ये मायकेल शूमाकर. सगळ्या देशांतल्या फॉर्म्युला थ्रीची निवडक मुलं तेव्हा वर्षअखेरीस इथे एकत्र यायची, त्यामुळे मकावचा पोल म्हणजे त्या वर्षातल्या आख्ख्या पिकात एका फेरीपुरता का होईना, सर्वांत वेगवान ठरणं. नारायणनं त्या शर्यतीतली सर्वांत जलद फेरीही मारली. जिंकला मात्र मकावचाच आंद्रे कूतो.

या मुलांचं पुढे काय झालं ते पाहा. बटन २००० सालीच, विसाव्या वर्षी, विल्यम्सच्या गाडीत बसला. बुर्टी त्याच वर्षी जॅग्वारच्या. सातो २००२मध्ये जॉर्डनच्या, पिझोनिया २००३मध्ये जॅग्वारच्या. नारायणला फॉर्म्युला वनची पहिली शर्यत मिळाली २००५ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी.

यातली सातोशी केलेली तुलना मला सर्वांत बोलकी वाटते. ताकुमा सातोचा जन्म २८ जानेवारी १९७७चा, नारायणहून चौदा दिवसांनी धाकटा. दोघेही आशियातले, दोघेही युरोपातल्या कार्टिंगच्या संस्काराबाहेरचे. विशीच्या उंबरठ्यापर्यंत सातो सायकलच्या शर्यती करत होता. २०००मध्ये तो तिसरा, नारायण चौथा. इथपर्यंत दोघांत फार अंतर नाही.

इथून पुढे वाटा फुटतात. सातो सुझुकाच्या रेसिंग शाळेतून आला होता. त्या शाळेमागे होंडा, सुझुकाचा ट्रॅक होंडानं १९६२मध्ये बांधलेला, आणि फॉर्म्युला वनमध्ये जॉर्डनला इंजिनं पुरवणारीही होंडाच. २००१मध्ये सातो ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीतच राहिला, अजिंक्यपद मिळवलं, मकावही जिंकलं. पुढच्या वर्षी जॉर्डन-होंडाची जागा त्याच्यासाठी तयार होती. ही जागा त्याला फुकट मिळाली असं कोणी समजू नये. २००१चा त्याचा मोसम दणदणीत होता. मुद्दा एवढाच की तो मोसम खेळायला मिळेल आणि जिंकल्यावर पुढचं दार उघडेल, याची व्यवस्था आधीच झालेली होती.

नारायण २००१मध्ये जपानला फॉर्म्युला निप्पॉनमध्ये गेला. १४ जून २००१ रोजी सिल्व्हरस्टोनला जॅग्वारची गाडी चालवून तो फॉर्म्युला वन गाडीत बसणारा पहिला भारतीय ठरला. त्याच वर्षी जॉर्डननंही त्याची चाचणी घेतली. ऑक्टोबरात मुजेलोला त्याची वेळ ज्याँ अलेझीच्या वेळेपेक्षा जेमतेम अर्ध्या सेकंदानं मागे होती. अलेझी तेव्हा दोनशे शर्यतींचा अनुभवी गडी. अशा चाचणीनंतर ज्या ड्रायव्हरमागे इंजिनाची कंपनी उभी असते, त्याच्याशी कराराची बोलणी सुरू होतात. नारायणला पाठीवर थाप मिळाली.

जागेची किंमत

‘पे ड्रायव्हर’ हा शब्द नारायणच्या नावाला चिकटला. पैसे देऊन बसलेला ड्रायव्हर. शब्द उच्चारताना नाक मुरडलं जातं, म्हणून हे प्रकरण जरा उलगडून सांगतो.

फॉर्म्युला वनमधल्या छोट्या संघांचं गणित कायम तुटीचं असायचं. बक्षिसाचा वाटा पुरत नाही, मोठा प्रायोजक मिळत नाही, मग दोनपैकी एक किंवा दोन्ही जागा अशा ड्रायव्हरला द्यायच्या ज्याच्याबरोबर प्रायोजकांचा पैसा येतो. हे आजचं नाही. निकी लाउडानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बँकेचं कर्ज काढून मार्च संघात जागा विकत घेतली होती. पुढे तो तीनदा जगज्जेता झाला. मायकेल शूमाकरची पहिली शर्यत १९९१ची, स्पाला, जॉर्डनच्याच गाडीत. त्या जागेचे पैसे मर्सिडीजनं मोजले होते. म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं आत येणं ही या खेळाची रीतच आहे. फरक फक्त पैसे कोण देतं आणि किती काळ देत राहतं, यात आहे.

नारायणमागे कोण होतं? वडिलांची ऐपत एका टप्प्यापर्यंत. मग जेके टायर, आणि मुंबईच्या बॉम्बे हाउसमधून टाटा. २००२मध्ये निस्सानच्या वर्ल्ड सीरिजमध्ये तो ज्या संघाकडून धावला, त्याच्या नावातच ‘टाटा’ होतं. या मालिकेत सगळ्यांना एकसारखी गाडी आणि एकसारखं इंजिन. २००३मध्ये नारायणनं तिथे दोन शर्यती जिंकल्या आणि मोसमात चौथा आला. २००४मध्ये व्हॅलेन्सिया आणि मान्यी-कूरला पुन्हा दोन विजय.

मधल्या काळात एक दार उघडून बंद झालं होतं. मिनार्डीनं २००४च्या मोसमासाठी त्याला जागा देऊ केली. अट नेहमीचीच: पैसा आणा. तो जमला नाही. जेव्हा भारतीय जाहिरातदार एकेका क्रिकेटपटूवर कोट्यवधी उधळत होते, तेव्हा जगातल्या वीस जागांपैकी एक भारतीयाला मिळत असताना ती घ्यायला पैसा कमी पडला. याचा मला राग येतो, पण दोष कोणाला द्यावा ते कळत नाही. ज्या खेळाचा देशात प्रेक्षक नाही त्यावर कंपनी पैसा का घालेल? आणि खेळाडूच नसेल तर प्रेक्षक कुठून येणार? या घोळात एक वर्ष गेलं. रेसिंग ड्रायव्हरच्या आयुष्यात सत्ताविसावं वर्ष स्वस्त नसतं.

१ फेब्रुवारी २००५ला जॉर्डनबरोबर करार झाल्याची बातमी आली. पण हा एडी जॉर्डनचा, शूमाकरला पदार्पण देणारा, शर्यती जिंकणारा संघ उरला नव्हता. तो नुकताच मिडलँड कंपनीला विकला गेला होता आणि नाव तेवढं एका मोसमापुरतं ठेवलं होतं. गाडी रांगेच्या शेपटाकडची.

सहा गाड्या

६ मार्च २००५, मेलबर्न. पावसानं विस्कटलेल्या पात्रता फेरीत नारायण बारावा आणि शर्यतीत पंधरावा आला. त्या मोसमात संघातला त्याचा जोडीदार होता पोर्तुगालचा टियागो मॉन्तेइरो. निष्पक्ष राहायचं तर हेही नोंदवलं पाहिजे की गाडी घरी आणण्यात मॉन्तेइरो सरस ठरला. पदार्पणाच्या पहिल्या सोळाच्या सोळा शर्यती त्यानं पूर्ण केल्या. नारायण एका फेरीच्या वेगात त्याच्या तोडीचा होता, पण वर्षभराच्या सातत्यात कमी पडला. चीनमधल्या शेवटच्या शर्यतीत तर त्याची गाडी भिंतीवर जाऊन आदळली. सुदैवानं त्याला काही झालं नाही.

आता इंडियानापोलिस. तिथल्या ट्रॅकचा तेरावा टर्न हा मूळच्या अंडाकृती ट्रॅकचा उतरता, कललेला भाग. फॉर्म्युला वनच्या बाकी ट्रॅकवर असा वेगवान कललेला टर्न नव्हता. शुक्रवारच्या सरावात तिथे राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा डावा टायर गेला आणि गाडी भिंतीवर आपटली. टायर मिशेलिनचा. तपासणीनंतर मिशेलिननं स्वतःच सांगितलं की त्या टर्नवर पूर्ण वेगानं आमचे टायर टिकतील याची हमी आम्ही देऊ शकत नाही. त्या वर्षी नियम असा होता की एकाच टायरसंचावर अख्खी शर्यत काढायची, त्यामुळे अधूनमधून टायर बदलण्याचाही मार्ग नव्हता. दहांपैकी सात संघ मिशेलिनवर होते. तेराव्या टर्नआधी वेग कमी करणारं तात्पुरतं वळण घाला, अशी मागणी झाली. नियामक संस्थेनं नकार दिला.

रविवारी वीसच्या वीस गाड्या रांगेतून निघाल्या, एक फेरी मारली, आणि मिशेलिनवाल्या चौदा गाड्या वळून पिटमध्ये गेल्या. ब्रिजस्टोनवाले तीन संघ उरले: फेरारी, जॉर्डन, मिनार्डी. प्रेक्षक ओरडत होते, ट्रॅकवर बाटल्या येत होत्या. मी हे रात्री उशिरा टीव्हीवर पाहत होतो. समालोचकांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. ७३ फेऱ्यांनंतर मायकेल शूमाकर पहिला, बॅरिकेलो दुसरा, एक फेरी मागे मॉन्तेइरो तिसरा, नारायण चौथा. त्यांच्यामागे मिनार्डीचे दोघे. त्या वेळच्या नियमानुसार चौथ्याला पाच गुण.

या पाच गुणांची किंमत किती? मला वाटतं, ‘भारताचा पहिला गुण’ म्हणून छाती फुगवण्याइतकी ती नाही. ज्या जॉर्डनला एरवी पहिल्या आठात येणं मुश्किल, तिच्या दोन्ही गाड्या त्या दिवशी परिस्थितीनं वर ढकलल्या. पण टवाळी करणाऱ्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. त्या चौदा गाड्यांमध्ये सातोही होता. तो तेव्हा बीएआर-होंडाचा ड्रायव्हर. वर्षभरापूर्वी याच ट्रॅकवर तो तिसरा आला होता आणि ते त्याच्या फॉर्म्युला वन कारकिर्दीतलं एकमेव पोडियम ठरलं. तो उत्तम गाडीतला उत्तम दिवस. नारायणला उत्तम गाडी कधी मिळालीच नाही, त्यामुळे त्याचा उत्तम दिवस कसा असता हे आपल्याला इंडियानापोलिसवरून कळत नाही. सहा गाड्यांच्या शर्यतीनं ना त्याचं मोठेपण सिद्ध होतं, ना त्याचं लहानपण.

जिथे गाड्या सारख्या होत्या तिथले निकाल पाहा म्हणजे थोडं कळतं. वर्ल्ड सीरिजचे विजय वर आलेच. फॉर्म्युला वनमधून बाहेर पडल्यावर दोन वर्षं तो विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर होता. त्याच काळात ए-वन ग्रांप्री नावाची मालिका सुरू होती: देशांचे संघ, सगळ्यांची गाडी एकच. १६ डिसेंबर २००७ला चीनमधल्या झुहाईला नारायणनं भारताला पहिला विजय मिळवून दिला. मोसमाच्या अखेरीस ब्रँड्स हॅचलाही तो जिंकला. फॉर्म्युला थ्रीतले त्याचे पहिले विजय याच ट्रॅकवरचे, नऊ वर्षांपूर्वीचे.

नशिबाचा भागही होताच. २००९मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावणारा पहिला भारतीय होण्याची संधी त्याच्यासमोर होती, तीही ऑडीच्या गाडीतून. शर्यत सुरू होण्याच्या थोडं आधी पिटच्या भिंतीवरून उडी मारताना त्याचा खांदा निखळला. गाडी त्याच्याशिवाय धावली. तो मान २०१२मध्ये करुण चंढोककडे गेला.

काकडी

२०१०मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. त्या वर्षी तो अमेरिकेत नॅसकारच्या ट्रक मालिकेत धावत होता. २०११ला तो फॉर्म्युला वनमध्ये परतला, हिस्पानिया म्हणजे एचआरटी या स्पॅनिश संघातून. टाटांचा पाठिंबा पुन्हा सोबत होता. हा संघ तीन मोसम जगला आणि त्यात एकही गुण मिळवू शकला नाही. मेलबर्नला ‘१०७ टक्के’ नियम आडवा आला: सर्वांत वेगवान गाडीच्या वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत यावं लागतं, नाहीतर शर्यतीतच जागा नाही. गाडी आली नाही. आठ फेऱ्यांनंतर, म्हणजे ब्रिटिश ग्रांप्रीपासून, त्याला उतरवून डॅनियल रिकार्डोला बसवलं. रिकार्डो रेड बुलच्या तालमीतला, आणि रेड बुलचा पैसा त्याच्यामागे. तोही अर्थानं दुसऱ्याच्या पैशावरच बसला होता. त्याला कोणी ‘पे ड्रायव्हर’ म्हटलं नाही, कारण पुढे त्यानं आठ ग्रांप्री जिंकल्या.

३० ऑक्टोबर २०११ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रांप्री झाली, तेव्हा नारायण पुन्हा त्या गाडीत होता. तो सतरावा आला. त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीतला रिकार्डो अठरावा. गुणतक्त्यात दोघांसमोर शून्य. पण एकाच गाडीत, एकाच दिवशी, पुढे आठ शर्यती जिंकणाऱ्या माणसाच्या पुढे राहणं हा निकाल मी इंडियानापोलिसच्या वर ठेवतो.

२०१२, मलेशिया. सुरुवातीलाच नारायणच्या गाडीला पूर्ण पावसाळी टायर होते. पाऊस वाढला, बाकीचे टायर बदलायला आत गेले, आणि शर्यत थांबवली गेली तेव्हा एचआरटीची गाडी दहाव्या स्थानावर होती. पुन्हा सुरू झाल्यावर बटन त्याच्यावर येऊन आदळला आणि चूक आपलीच असल्याचं त्यानं मान्य केलं. तोच बटन, १९९९च्या फॉर्म्युला थ्रीतला. एव्हाना तो जगज्जेता होऊन गेला होता. नंतर जगज्जेता सेबास्टियन वेटेल त्याला फेरीनं मागे टाकताना घसटला आणि त्याचा मागचा टायर फुटला. पंचांनी नारायणला वीस सेकंदांचा दंड केला. वेटेल चिडून त्याला ‘काकडी’ म्हणाला. रस्त्यावर वाईट गाडी चालवणाऱ्याला हिणवायचा हा जर्मन शब्द. दुसऱ्या दिवशी जगभर छापलं गेलं ते हेच. भर पावसात सर्वांत वाईट गाडी दहाव्या स्थानावर टिकवून धरणं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

२०१२ संपलं, एचआरटी बंद पडलं. त्या वर्षीची ब्राझील ग्रांप्री ही नारायणची शेवटची. तेव्हापासून एकही भारतीय फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेला नाही. २०१३च्या भारतीय ग्रांप्रीत, आपल्याच ट्रॅकवर, आपला ड्रायव्हर नव्हता. त्यानंतर ती शर्यतही गेली. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी ती खेळ नव्हती, करमणूक होती, आणि तसाच तिच्यावर कर लागला. मिळकतकराचा वाद २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भारतीय ग्रांप्री तीनदा झाली आणि तिन्ही वेळा वेटेलच जिंकला.

फुजी

नारायण मग जपानला गेला. २०१४ ते २०१८ सुपर फॉर्म्युला, त्यातली शेवटची दोन वर्षं नाकाजिमा रेसिंगकडून, आणि गाडीवर टीसीएसचं नाव. सातोरू नाकाजिमा हा जपानचा फॉर्म्युला वनमधला पहिला पूर्णवेळ ड्रायव्हर. १९८७मध्ये, चौतिसाव्या वर्षी, लोटस-होंडात सेनाचा जोडीदार म्हणून आला. तोही टेबलाच्या शेपटाकडचाच आकडा मागे ठेवून गेला, पण त्याच्या मागून जपानी ड्रायव्हर येत राहिले. त्यांतल्या एकालाही फॉर्म्युला वनची शर्यत जिंकता आलेली नाही. कारखाना, ट्रॅक, शाळा, पैसा, प्रेक्षक असं सगळं असलेल्या देशाचा साठ वर्षांचा हिशोब हा आहे. त्याच्या शेजारी यातलं काहीच नसलेल्या देशातून एकट्यानं गेलेल्या माणसाचे पाच गुण ठेवून पाहावेत.

२४ नोव्हेंबर २०१९, फुजी. जपानच्या सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएम या दोन मालिकांच्या गाड्या एकत्र धावत होत्या. नाकाजिमाच्या होंडात बेचाळीस वर्षांचा नारायण. दुसरी शर्यत त्यानं जिंकली. होंडाच्या गाडीत जपानमध्ये जिंकायला त्याला सातोपेक्षा वेगळ्या वाटेनं, अठरा वर्षांचा वळसा घालून यावं लागलं होतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी शोधावी लागली.

त्याच्यानंतर परिस्थिती थोडी हलली आहे. मुंबईचा जेहान दारुवाला फोर्स इंडियानं २०११मध्ये घेतलेल्या शोधमोहिमेतून निवडला गेला, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून पुढे फॉर्म्युला ईपर्यंत गेला. बंगळुरूचा कुश मैनी फॉर्म्युला टूमध्ये जिंकला. कोइंबतूरला करिवर्धनच्या नावाचा ट्रॅक आहे, कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, दहा वर्षांची पोरं कार्टमध्ये बसतात. नारायणच्या लहानपणी यातलं काही नव्हतं. पण कार्ट आणि फॉर्म्युला वन यांच्यामधल्या पायऱ्या अजूनही युरोपात आहेत, त्यांचं भाडं युरोत आहे, आणि ते दरवर्षी भरेल अशी होंडासारखी कंपनी आपल्याकडे अजून नाही. जेहानला फॉर्म्युला टूमध्ये चार मोसम काढूनही वरची जागा मिळाली नाही, याचं कारण वेगात शोधायचं की वहीत, हा प्रश्न पुन्हा तोच आहे.